रोझरीची तार: कोणती घ्यावी, कडक कशी करावी, काळी केव्हा करावी

दहामणी

हाताने रोझरी, म्हणजे ख्रिस्ती जपमाळ, बनवणाऱ्यांसाठी हा चर्चेचा धागा काढते आहे. मणी, क्रूस, मधले पदक यांवर आपण भरपूर बोलतो. तारेचा विषय निघाला की मात्र "वीस गेजची तांब्याची घ्या" एवढे सांगून पुढे जातो. रोझरी निकामी होते ती बहुतेक वेळा तारेपाशीच. मणी फुटून दुरुस्तीला आलेली रोझरी क्वचित दिसते, कडी उघडून दशक, म्हणजे दहा मण्यांचा गट, सुटलेली नेहमी दिसते.

पाच दशकांच्या रोझरीत ५९ मणी असतात, ५३ 'नमो मरिये' प्रार्थनेचे आणि ६ 'आमच्या बापा' प्रार्थनेचे. प्रत्येक मण्यातून तारेचा एक तुकडा जातो आणि त्याच्या दोन्ही टोकांना कडी वळवलेली असते. म्हणजे ११८ कड्या झाल्या, साखळीच्या रिंगा वेगळ्या. ही वस्तू रोज हातात फिरते, खिशात किल्ल्यांशेजारी राहते, उशीखाली अडकते, लहान मूल धरून ओढते. हिसका बसला की सगळ्या माळेवर ताण येतो आणि त्यातली सगळ्यांत कमजोर कडी उघडते.

म्हणून माझे सांगणे एवढेच की तार निवडताना डोळ्यांसमोर कडी ठेवा. तार दुकानात कशी वाटते याला फार अर्थ नाही. ती वळवून, मिटवून झाल्यावर कडीत किती ताकद उरली ते महत्त्वाचे. कडक करायचे ते त्या हिशेबाने आणि काळेपणा द्यायचा तोही त्या हिशेबाने.

कडीची ताकद जाडी, कडीचा व्यास आणि धातूचा कडकपणा या तिन्हींवर ठरते. यांत जाडीचा वाटा सर्वांत मोठा, पण लक्ष सगळ्यांचे कडकपणाकडे. गोल तार वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. कडीचा आकार तोच ठेवून ०.६ मिमीऐवजी ०.८ मिमी तार वापरली तर कडी उघडायला जवळजवळ २.४ पट जोर लागेल. धातू तोच, कडकपणाही तोच. त्यामुळे मण्याच्या भोकातून जाईल ती सर्वांत जाड तार घ्यायची, ही पहिली पायरी. काचेच्या आणि दगडाच्या पुष्कळ मण्यांत ०.८ मिमी आरामात जाते. मोत्यांची भोके बारीक असतात, तिथे ०.५ ते ०.६ वर यावे लागते आणि मग कडकपणाला खरे महत्त्व येते.

कडी जितकी लहान तितकी ती उघडायला अवघड, कारण ओढणाऱ्या जोराला तरफ कमी मिळते. शिवाय लहान कडी वळवताना तार जास्त ताणली जाते आणि त्या ताणानेच कडक होते. ०.८ मिमी तारेची आतून २ मिमी व्यासाची कडी केली, तर तारेची बाहेरची बाजू साधारण २८ टक्के ताणली जाते. हा कडकपणा फुकटचा आहे, तो जमेस धरा.

लांबीचा अंदाजही देऊन ठेवते. एका कडीला लागणारी तार म्हणजे आतला व्यास आणि तारेची जाडी यांची बेरीज गुणिले ३.१४. वरच्या मापाला ८.८ मिमी येते. ८ मिमी मणी आणि दोन कड्या मिळून साधारण २६ मिमी, ५९ मण्यांना दीड मीटरच्या थोडी वर. टोके छाटण्यात जाते ते आणि रिंगा धरून तीन मीटर जवळ असू द्या.

आता धातू. तांबे वळायला सोपे, काळे सुंदर होते, पण नरम मिळते. पितळ जास्त कडक आणि स्प्रिंगसारखे. कथील मिसळलेले फॉस्फर ब्राँझ तर मला रोझरीसाठी सर्वांत आवडते. त्याची कडी मिटली की मिटलेली राहते आणि रंगही तांब्याला जवळचा. स्टर्लिंग चांदीत ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुधा तांबे असते, ती अर्धकडक घ्यावी. शुद्ध चांदी कड्यांसाठी नको, ती फारच मऊ. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. मजबूत आहे, पण निकेलने ज्यांच्या त्वचेला खाज सुटते त्यांच्या हातात तो देऊ नये. ॲल्युमिनियम विसरा.

छंदवाल्यांसाठीच्या रंगीत रिळांवरची "तांब्याची" तार घेताना जपा. तिच्यावर बऱ्याचदा वार्निशचा पारदर्शक थर असतो. तो कडीपाशी सोलवटतो आणि गंधकाचे पाणी त्याच्या आत शिरत नाही, त्यामुळे काळी करायला गेलात तर तार ठिपकेदार होते.

---

पक्कड

उत्तम धागा, वाचनखूण साठवली.

एक भर घालतो. गेज सांगताना अमेरिकन की ब्रिटिश हे कोणीच सांगत नाही आणि तिथेच घोळ होतो. अमेरिकन २० गेज म्हणजे ०.८१ मिमी, ब्रिटिश २० गेज म्हणजे ०.९१ मिमी. अमेरिकन २२ ही ०.६४, ब्रिटिश २२ ही ०.७१. ताईंचा घनाचा नियम लावला तर २० गेजच्या या दोन तारांच्या ताकदीत चाळीस टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. उलट बाजूने, परदेशी व्हिडिओ बघून २० गेज मागवली आणि ब्रिटिश मापाची आली तर मण्यातच जात नाही. मिलिमीटरमध्येच मागा आणि घरी आल्यावर कॅलिपर लावून बघा.

---

काचमणी

दहामणी ताई, माझ्याकडे नरम तांब्याची ०.८ ची पुष्कळ तार आहे. ती टाकून तर देववत नाही. जंत्री (तार ओढून बारीक करायची भोकांची पट्टी) नाही, हातोडी-ऐरण आहे, घरात ड्रिल मशीन आहे. घरच्या घरी ही तार कडक होईल का? कुणीतरी सांगितले की तापवून पाण्यात बुडवली की कडक होते.

---

जंत्री

काचमणी, तापवून पाण्यात बुडवल्याने पोलाद कडक होते. तांब्याचे उलटे. लालसर होईपर्यंत तापवले की तांबे नरम पडते, मग पाण्यात बुडवा नाहीतर हवेत गार होऊ द्या. पितळ, ब्राँझ यांचेही तसेच. या धातूंना कडक करायचे म्हणजे थंड असताना त्यांचा आकार बदलायला लावायचे, म्हणजे ओढायचे, पिळायचे, ठोकायचे किंवा वाकवायचे. धातूच्या स्फटिकांमधले थर एकमेकांवरून सरकतात आणि सरकता सरकता त्यांत इतकी गुंतागुंत होते की पुढचे सरकणे अवघड होत जाते.

इथे एक बारकावा आहे. कडक केल्याने तार ताठ होत नाही. थोड्याशा जोराने नरम तार जितकी लवेल तितकीच कडकही लवते. फरक असा की नरम तार लवकर हार मानते आणि वाकलेलीच राहते, कडक तार बरीच वाकूनही परत येते. रोझरीच्या कडीला नेमके हेच हवे.

जंत्रीतून ओढणे ही खरी पद्धत. अमेरिकन मापाने एक गेज उतरलो की तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ साधारण २१ टक्क्यांनी घटते. नरम तार दोन गेज खाली ओढली की अर्धकडक, चार गेज ओढली की कडक, आठ गेज ओढली की स्प्रिंग म्हणतात. मध्ये कुठेही तापवायची नाही. ०.८ ची अर्धकडक तार हवी तर १.०२ ची नरम घेऊन सुरुवात करायची.

तुमच्याकडे जंत्री नाही म्हणून ड्रिलची पद्धत सांगतो. अर्ध्या मीटरच्या आसपास तुकडा कापा. एक टोक शेगड्यात घट्ट धरा, म्हणजे बाकाच्या पकडीत. दुसरे टोक ड्रिलच्या जबड्यात. तार ताणलेली ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि ड्रिल अगदी मंद गतीने फिरवा. गोल तार स्वतःभोवतीच पिळली जाते, बाहेरून काही दिसत नाही. निरखून बघितले तर पृष्ठभागावरच्या बारीक रेघा तिरक्या होत गेलेल्या दिसतील. तारेच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला एक-दोन वेढे इतक्यापासून सुरुवात करा. थांबल्यावर ड्रिल किंचित उलटे फिरवून पीळ सैल होऊ द्या आणि मगच टोक सोडा, नाहीतर तार उसळते.

पीळ देऊन बाहेरची कातडी जास्त कडक होते, गाभा बराचसा नरमच राहतो. ऐकायला हे कमी वाटेल, पण वाकण्याला विरोध करते ती मुख्यतः बाहेरचीच कातडी. त्यामुळे कड्यांसाठी ही पद्धत चांगली चालते. शिवाय तार सरळसोट होते आणि सरळ तारेच्या कड्या नीट येतात, हा वेगळा फायदा.

नायलॉनच्या जबड्यांच्या पक्कडीतून चार वेळा ओढली की तार कडक होते असे पुष्कळ जण सांगतात. तिने तार सरळ होते, कडक फार होत नाही. स्टीलच्या बारीक गोळ्यांबरोबर टंबलरमध्ये, म्हणजे फिरत्या डब्यात, फिरवणेही तसेच. चकाकी येते, वरवरचा कडकपणा येतो, आतपर्यंत काही पोचत नाही. कडीची ताकद त्यावर सोडू नका.

---

दहामणी

जंत्री, मनापासून आभार. पिळण्याची पद्धत इतकी नीट कुणी सांगितली नव्हती.

कडी वळवतानाच मिळणाऱ्या कडकपणाचे आणखी थोडे. कडी मिटवताना टोक बरोबर जागेवर आणून थांबू नका. ते किंचित पलीकडे, जरासे एकावर एक येईल इतके न्या आणि मग आडवे सरकवून समोरासमोर आणा. आता टोक आतल्या बाजूने दाबून बसते. हे साधले की बोटाच्या नखाला फट लागत नाही. आणि दुवे जोडताना कडी नेहमी आडवी उघडा, दाराच्या कडीसारखी बाजूला. दोन्हीकडे फाकवून उघडली तर गोलाई जाते आणि ती पुन्हा पहिल्यासारखी येत नाही.

टोक कापण्याबद्दलही. साध्या कटरने कापलेल्या टोकाला पाचर राहते, म्हणजे दोन उतार आणि मध्ये धार. अशी दोन टोके समोरासमोर आली की मध्ये इंग्रजी व्ही सारखी खाच उरते. त्या खाचेत स्वेटरचा धागा अडकतो आणि कडी उघडायला तिथूनच सुरुवात होते. एका बाजूने सपाट कापणारा कटर वापरा, नाहीतर बारीक कानशीने टोक सपाट करा.

---

गुंडाळी

मला ताईंशी थोडे असहमत व्हायचे आहे. एवढी सगळी मेहनत साधी कडी उघडू नये म्हणून. मग कडी करून तार मण्याच्या मानेपाशी दोन-तीन वेढे गुंडाळून का टाकत नाही? गुंडाळलेली कडी उघडतच नाही. तार नरम घेतली तरी चालते, उलट नरमच घ्यावी लागते, कारण कडक तार गुंडाळताना हात दुखतो आणि वेढे सैल बसतात. गुंडाळताना ती आपोआप कडक होते. ०.५ ची तारसुद्धा पुरते. मी मोत्यांच्या रोझऱ्या अशाच करते आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात.

---

दहामणी

गुंडाळी, मोत्यांच्या बाबतीत तुमचे पूर्ण पटते. बारीक भोक, बारीक तार, तिथे गुंडाळलेली कडीच हवी.

बाकी ठिकाणी मात्र मी साध्या कडीच्या बाजूने आहे, आणि कारण दुरुस्तीचे आहे. रोझरी दाराच्या मुठीत अडकली आणि माणूस चालत पुढे गेला, तर कुठेतरी काहीतरी सुटलेच पाहिजे. साधी कडी उघडते आणि पक्कडीने अर्ध्या मिनिटात परत मिटते. सगळ्या कड्या गुंडाळलेल्या असतील तर मणी फुटतो, पदकाचा कान तुटतो किंवा तार मानेपाशी तुटते. मग तो दुवा नव्याने करावा लागतो, आणि तसाच मणी मिळेल याची खात्री नसते. ज्यांच्या घरी आजीची रोझरी आहे त्यांना याचे मोल कळेल. लहान मुलांच्या गळ्यात रोझरी जाण्याची शक्यता असेल तिथे तर ती सुटणारीच हवी.

---

गुंडाळी

मुलांचा मुद्दा मान्य. मग मी असे करीन, दुवे गुंडाळलेले आणि पदकाला जोडणारी एक रिंग मुद्दाम साधी, थोडी नरम. सुटेल तर तिथेच सुटेल.

---

जंत्री

हे छान आहे. ती एक रिंग बारीक तारेची केली की झाले, नरम करायचीही गरज नाही.

---

सुतारमणी

माझा प्रश्न काळेपणाबद्दल. मी लाकडी मणी वापरतो, ऑलिव्हच्या लाकडाचे. चकचकीत तांबे त्यांच्यासोबत अगदी नवे दिसते, मला जुन्या रोझरीचा गडदपणा हवा आहे. पण तयार रोझरी गंधकाच्या पाण्यात बुडवली तर लाकडाचे काय होईल? आणि आधी तार काळी करून मग वळवली तर पक्कडीने रंग उडत नाही का?

---

काळीचांदी

सुतारमणी, लाकडी मण्यांची रोझरी बुडवायची नाही. लाकूड पाणी पिते, फुगते आणि गंधकाचा वास धरून ठेवते. हाड, शिंपले, मोती, पोवळे, फिरोजा यांनाही ते पाणी लावू नका. काच, स्फटिक, अकीक यांची रोझरी पूर्ण झाल्यावर बुडवली तरी चालते. त्यामुळे तुम्हाला तारच आधी काळी करावी लागणार आणि ते जमते. फक्त क्रम पाळायचा. आधी कडक करा, मग काळी, मग घासून उजळा आणि शेवटी वळवा. काळी केल्यावर पिळायला गेलात तर थर तडकून निघतो.

गंधकाचे पाणी ज्यापासून करतात ते लिव्हर ऑफ सल्फर म्हणजे पोटॅशियमच्या गंधक-संयुगांचे मिश्रण. ढेकळांच्या रूपात मिळते, जेलच्या रूपातही मिळते. ढेकळे हवा, ओल आणि उजेड लागून खराब होतात, जेल जास्त टिकते. काच किंवा प्लास्टिकच्या भांड्यात गरम पाणी घ्या, उकळते नको. वाटाण्याएवढे ढेकूळ पेलाभर पाण्याला पुरते, रंग फिक्या चहाइतका पिवळा आला की बास. भांडे स्वयंपाकाचे नको, खिडक्या उघड्या ठेवा. आणि या पाण्याला कुठल्याही आम्लाचा स्पर्श होऊ देऊ नका. आम्लाने हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि तो विषारी आहे. तुम्ही धातू साफ करायला आम्ल वापरत असाल तर तार सोड्याच्या पाण्यातून काढून, नीट धुऊनच इकडे आणा.

सगळ्यांत जास्त वेळ द्या तो तार धुण्याला. भांड्याचा साबण, मऊ ब्रश, मग वाहते पाणी. पाणी तारेवर सलग पसरले पाहिजे. थेंब थेंब होऊन उभे राहिले तर तेल अजून आहे. धुतल्यावर बोटांनी धरायची नाही, बोटाचा ठसा तसाच्या तसा रंगात उमटतो.

आता बुडवा. दोन-तीन सेकंद आत, लगेच थंड पाण्यात. तांबे आधी सोनेरी होते, मग तांबूस-जांभळे, मग निळे, मग राखाडी आणि शेवटी काळे. प्रत्येक वेळी बाहेर काढून बघायचे आणि हवे तिथे थांबायचे. घाई करून दाट पाण्यात एकदाच काळीभोर केलेली तार कपड्याने पुसताच काळी पूड सोडते. पातळ पाण्यात अनेक बुड्या मारून आणलेला थर पातळ असतो आणि धातूला चिकटून राहतो. वळवताना टिकतो तो हाच. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून क्रिया थांबवा, धुवा, पूर्ण वाळवा.

मग चार शून्याची, म्हणजे सर्वांत बारीक स्टील वूल घेऊन तार चिमटीत धरून लांबीच्या दिशेने हलकेच ओढा. काळेपणा तपकिरी होईपर्यंतच. जुन्या रोझरीत सगळे सारखे काळे नसते. बोटे लागतात ते भाग उजळलेले असतात, खोबणी गडद असतात. रोझरी पूर्ण करून बुडवली असेल तर कडी आणि मण्याची सांध राहू द्या, तिथला काळेपणा घासू नका.

पक्कडीचे म्हणाल तर जबडे गुळगुळीत हवेत, दातेरी अजिबात नको. तरीही कडीच्या आतल्या बाजूला थोडा रंग उडतो. तो दिसत नाही. दिसतो तो कापलेल्या टोकावरचा चमकता तांबडा ठिपका, गडद तारेवर अगदी टोचतो. कडी मिटवण्याआधी बारीक ब्रशने तिथे जेलचा थेंब लावा, दहा सेकंदांनी ओल्या कापसाने पुसा. लाकडाला लागू देऊ नका.

---

पक्कड

ज्यांना हे रसायन घरात नको त्यांच्यासाठी अंड्याची पद्धत सांगायला हवी. उकडलेले अंडे गरम असतानाच कुस्करून बंद होणाऱ्या पिशवीत टाकायचे, तार शेजारी, अंड्याला न लागेल अशी. बलकातून सुटणारा गंधकाचा वायू हळूहळू काम करतो. तासाभरात तपकिरी, रात्रभर ठेवली तर गडद. पाण्यात भिजवायचे नसल्यामुळे ज्यांना आधी वळवून मग काळे करायचे आहे त्यांनाही सोयीचे.

---

काळीचांदी

हो, तांबे आणि चांदीला ही पद्धत चांगली आणि थांबवायला सोपी. फक्त लाकडी मणी त्या पिशवीत ठेवू नका, वास राहतो. आणि मोती तर नकोच.

---

काचमणी

पितळेच्या माझ्या अनुभवाबद्दल विचारायचे होते. पितळ गंधकाच्या पाण्यात जवळपास काळे होतच नाही, म्हणून डब्यात अमोनियाची वाटी ठेवून वर कड्या टांगल्या. रंग सुरेख आला. तपकिरी-हिरवा. पण काही दिवसांनी रोझरी नुसती टेबलावर ठेवलेली असताना दोन कड्या तुटल्या. ओढल्या नव्हत्या, आपटल्या नव्हत्या. तुटलेल्या जागी तार अजिबात बारीक झालेली नाही, काच फुटावी तशी सरळ चीर आहे. पितळच भेसळीचे होते का?

---

जंत्री

काचमणी, पितळेचा दोष नाही. उलट तुम्ही सांगितलेली लक्षणे या बिघाडाची अगदी नेमकी लक्षणे आहेत. तार बारीक न होता तडकणे, ओझे नसताना तुटणे आणि आधी अमोनिया लागलेला असणे.

याचा इतिहास आपल्याकडचाच आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या सैन्याची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि पावसाळा संपल्यावर त्यांना चिरा पडलेल्या सापडत. ऋतूशी जोडून या बिघाडाला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी कारण उलगडले. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि थंड ओढकामामुळे काडतुसांत दडून राहिलेला ताण, या दोघांची ती संगत होती. एकट्या अमोनियाने ते होत नाही, एकट्या ताणानेही नाही.

आता तुमची कडी बघा. ओढून कडक केलेली तार, वर लहान व्यासाला वळवलेली. आत ताण ठासून भरलेला. तिला तुम्ही अमोनियाच्या डब्यात टांगली. ज्या कडकपणासाठी आपण एवढे कष्ट घेतो तोच इथे उलटतो.

म्हणून कडक पितळेला अमोनिया नको. रंगासाठी नको आणि साफसफाईसाठीही नको. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो, त्याने रोझरी पुसू नका. पितळच हवे असेल तर जस्त कमी असलेले घ्या. ८५ टक्के तांबे आणि १५ टक्के जस्त असलेले लालसर पितळ या तडकण्याला बरेच दाद देत नाही. नेहमीचे पिवळे पितळ ज्यात जस्त ३० टक्क्यांवर असते ते सर्वांत नाजूक. वळवलेले दुवे मणी घालण्याआधी तापवून ताण काढता येतो, २६० ते ३०० अंश सेल्सिअसला तासभर, त्याने कडकपणा फारसा जात नाही. पण रोझरीत मणी आधीच ओवलेला असतो, तेव्हा हा उपाय आपल्या उपयोगाचा नाही. फॉस्फर ब्राँझ घ्या आणि निश्चिंत व्हा.

त्या रोझरीच्या उरलेल्या कड्यांवर भरवसा ठेवू नका. चिरा आत सुरू झालेल्या असू शकतात. मणी सोडवून नव्या तारेत ओवा.

---

दहामणी

मला अमोनियाच्या हिरव्या रंगाविरुद्ध आणखी एक सांगायचे आहे. रोझरीचा क्रूस लोक ओठांना लावतात. म्हातारी माणसे ती हातात धरून झोपी जातात, मुले तोंडात घालतात. तांब्याच्या हिरव्या थराची पूड निघते. भिंतीवरच्या शोभेच्या वस्तूला तो चालेल, रोझरीला नाही. गंधकाचा काळा थरसुद्धा पूर्ण धुऊन, घासून, पुसून झाल्यावर पांढऱ्या फडक्यावर ओढून बघते. फडके काळे झाले तर परत घासते. फडके पांढरे राहिल्याशिवाय रोझरी कुणाच्या हाती देत नाही.

---

काचमणी

जंत्री, आभार. मणी सोडवायला घेतले आहेत. तिसरी कडी उघडायला गेले तर पक्कड लावताच तुटली. पिवळ्या पितळेची थोडी तार अजून आहे, ती गडद करायचा दुसरा काही मार्ग?

---

काळीचांदी

आहे. पितळेवर तांब्याचा पातळ मुलामा चढवून मग गंधक. धातू साफ करायच्या आम्लात तांबे साफ करून करून ते निळे झालेले असते, म्हणजे त्यात तांबे उतरलेले असते. त्यात पितळेची तार टाकून तिला लोखंडाचा तुकडा टेकवला की थोड्या वेळात पितळ गुलाबी होते. मग ती सोड्याच्या पाण्यातून काढा, भरपूर धुवा. आम्ल आणि गंधक एकत्र येऊ द्यायचे नाही हे वर लिहिलेच आहे, इथे ते दुप्पट लागू. त्यानंतर नेहमीसारखी बुडी. हा मुलामा अगदी पातळ असतो, स्टील वूल जोरात फिरवली तर खालचे पितळ डोकावते. कड्या वळवून झाल्यावर, मणी ओवण्यापूर्वी करणे कठीण, म्हणून सरळ तारेवरच करा आणि हलक्या हाताने वळवा.

---

सुतारमणी

शेवटचे विचारतो. एवढे सगळे केल्यावर रंग टिकवायला वर लॅकर मारावे का? आणि बाइंडिंगची काळी लोखंडी तार मिळते, ती तर आधीच काळी असते, तीच वापरली तर?

---

काळीचांदी

लॅकर नको. कड्या एकमेकींवर घासतात तिथे ते पहिल्या आठवड्यात सोलते आणि तिथून आत ओल शिरून ठिपके पडतात. मेण लावा. संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण, नाहीतर साधे मधमाशीचे मेण. किंचित कोमट तारेवर फडक्याने चोळा, पाच मिनिटांनी पुसा. घासून गेले की पुन्हा लावा. कड्यांचे टेकणारे भाग वापराने उजळत जाणारच, त्याला अडवू नका, आपल्याला जे हवे होते ते हाताने आपोआप होते आहे.

लोखंडी बाइंडिंग तार तापवून नरम केलेली असते, काळेपणा त्या तापवण्यातून येतो. दिसायला तुमच्या लाकडाशी फार छान जाईल. पण हाताच्या घामाने गंजते आणि गंज ऑलिव्हच्या लाकडात उतरतो, तो डाग निघत नाही.

---

पक्कड

स्टेनलेस स्टीलचा कुणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. ताकदीला तोड नाही, गंजत नाही, रोज कामावर नेणाऱ्यांसाठी मी तीच वापरतो, ०.७ मिमीची. पण गंधकाने काळी होत नाही, आणि वळवल्यावर इतकी मागे उसळते की कडी हवी त्यापेक्षा लहान दांड्यावर वळवावी लागते. नाजूक दागिन्यांचा कटर तिच्यावर चालवू नका, धारेला खाचा पडतात. तिच्यासाठी कडक तारेचा वेगळा कटर ठेवा.

---

सुतारमणी

मग ठरले, फॉस्फर ब्राँझ ०.८, मिळाल्यास अर्धकडक. ब्राँझला गंधकाचे पाणी तांब्यासारखेच लागते ना?

---

काळीचांदी

लागते, पण थोडे हळू आणि निळे-जांभळे रंग तितके उठत नाहीत, सरळ तपकिरीकडे जाते. पाणी जरा जास्त गरम ठेवा, बुड्या वाढवा. आधी दोन इंचाचा तुकडा बुडवून, घासून, त्याची एक कडी वळवून बघा. कडीच्या बाहेरच्या वळणावर थर तडकला नाही तर उरलेली तार घाला.